घरातले फाइल शेअरिंग आणि फायरवॉल

घरातले दोन संगणक एकाच राउटरला जोडलेले असले, तरी एकावरचे फोटो दुसऱ्यावर आपोआप उघडत नाहीत. न मागता आलेली विनंती अडवणे हे संगणकावरच्या फायरवॉलचे काम, आणि शेजारच्या खोलीतला लॅपटॉपही तिच्या लेखी परकाच. विंडोजमध्ये ही फायरवॉल २००४ सालच्या एक्सपी सर्व्हिस पॅक २ पासून मुळातच चालू असते.

विंडोजमधली फाइलींची देवाणघेवाण एसएमबी या प्रोटोकॉलवर चालते आणि त्याला टीसीपीचे ४४५ क्रमांकाचे पोर्ट लागते. जुनी नेटबायोस पद्धत १३७ ते १३९ ही पोर्ट वापरते. आजच्या घरात तिची गरज सहसा पडत नाही. लिनक्सवर हेच काम सांबा करते.

फोल्डर उघडेना की अनेक जण फायरवॉलच बंद करून टाकतात. दोष तिथेच आहे का, हे पाहण्यासाठी मिनिटभर तसे करणे ठीक. पण ती तशीच बंद राहिली, तर तोच लॅपटॉप उद्या हॉटेलच्या वायफायवर उघडाच राहतो. खरे तर बहुतेक वेळा दोष नेटवर्कच्या प्रोफाइलमध्ये असतो. नवे वायफाय जोडताना विंडोज त्याला ‘पब्लिक’ मानू शकते, आणि त्या प्रोफाइलमध्ये शेअरिंग बंद असते. घरचे नेटवर्क ‘प्रायव्हेट’ करून नेटवर्क डिस्कव्हरी व फाइल शेअरिंग चालू केले, की लागणारे नियम विंडोज स्वतःच उघडते. अँटिव्हायरसने स्वतःची फायरवॉल बसवली असेल, तर मात्र ही परवानगी तिच्यात द्यावी लागते.

प्रायव्हेट प्रोफाइलमधले हे नियम फक्त ‘लोकल सबनेट’पुरते असतात. राउटरने १९२.१६८.१ ने सुरू होणारे पत्ते वाटले असतील, तर साधारणपणे त्याच मालिकेतल्या यंत्रांना आत येता येते. गोंधळ होतो तो एका राउटरमागे दुसरा लावल्यावर. दोघे वेगवेगळ्या मालिकांचे पत्ते वाटू लागले, की एकाच घरात दोन सबनेट होतात आणि नियम बरोबर असूनही संगणकांमधला संपर्क अडू शकतो. दुसरा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून चालवला की हा घोळ मिटतो. पाहुण्यांसाठीचे गेस्ट वायफाय तर बहुधा यंत्रांना मुद्दामच वेगळे ठेवते.

यादीत संगणक दिसत नाही, पण आयपी पत्ता टाकल्यावर फोल्डर उघडतो, तेव्हा ४४५ शाबूत असते. अडचण नाव शोधणाऱ्या डिस्कव्हरीत असते.

राउटरवर मात्र ४४५ कधीही इंटरनेटकडे उघडू नये. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या रॅन्समवेअरने एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतल्या त्रुटीचा फायदा घेत जगभरचे संगणक कुलूपबंद केले. त्यावरचा पॅच मार्चमध्येच आलेला होता. ही आवृत्ती बंदच ठेवावी. तिच्याशिवाय चालत नसलेली जुनी स्टोरेज पेटी बदललेली बरी. घराबाहेरून फाइली हव्या असल्यास व्हीपीएन वापरावे.

फायरवॉलने सोडल्यावरही फोल्डरची परवानगी आणि खात्याचा पासवर्ड तपासला जातो. इथे विंडोजचा पिन चालत नाही, आणि पासवर्ड नसलेल्या खात्याला नेटवर्कवरून प्रवेश मिळत नाही.