घरच्या पडद्यावरील चित्रपट आणि घरची मते

चित्रपटाविषयी मत देणे ही आपल्या समाजाची जुनी हौस आहे. परंतु ते मत कोठे बसून दिले, यावर त्याचे मोल पुष्कळसे अवलंबून असते, ही गोष्ट सहसा कोणी ध्यानात घेत नाही. थिएटरातून बाहेर पडणारा प्रेक्षक ‘बरा होता’ किंवा ‘पैसे फुकट गेले’ एवढे बोलून रिक्षा शोधू लागतो. तोच चित्रपट सासू, सून, मुलगा आणि नात एकाच सतरंजीवर बसून पाहतात, तेव्हा मत इतके स्वस्त राहत नाही. कारण पडद्यावरील बाईविषयी जे बोलावे, ते शेजारी बसलेल्या बाईस लागते.

आम्ही काशीमिऱ्यास राहतो. घोडबंदर रस्ता पश्चिम द्रुतगती महामार्गास मिळतो तेथील वाहनांची कोंडी ज्यांनी पाहिली असेल, त्यांस पंच्याऐंशी वर्षांच्या मातुःश्रींना घेऊन थिएटरात जाणे म्हणजे काय, हे सांगावयास नको. म्हणून गेल्या वर्षापासून शनिवारी रात्री जेवणे आटोपल्यावर घरातच चित्रपट लावण्याचा परिपाठ पडला आहे. (आसपासच्या स्टुडिओंतून मालिकांचे चित्रीकरण चालते, पण मालिकांची गोडी आमच्या घरास लागली नाही, हे ईश्वराचे उपकारच म्हणावयाचे.)

आमच्या शास्त्रकारांस ही व्यवस्था मुळीच रुचली नसती. रसास्वादाच्या आड येणारी सात विघ्ने अभिनवगुप्ताचार्यांनी सांगितली आहेत. त्यांतील एक असे की, प्रेक्षक आपल्याच सुखदुःखात गुरफटलेला असतो. त्यास त्यातून सोडवावे म्हणूनच नाट्यगृहातील गीत, वाद्य आणि शोभा यांची योजना. आता घरात पाहावे तर दिवा जळतो आहे, ओट्यावर उद्याचे दूध तापते आहे, कोणाचा तरी मोबाइल वाजतो आहे, आणि ज्याचे त्याचे सुखदुःख तर मांडीला मांडी लावूनच बसलेले! रसाची हानी होते यात शंका नाही. परंतु त्या विघ्नातूनच जे मत बाहेर पडते ते उसने नसते, असा आमचा अनुभव आहे.

प्रभात कंपनीचा १९३७ सालचा ‘कुंकू’ आम्ही लावला तो नातीच्या आग्रहावरून. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून व्ही. शांताराम यांनी तो काढला. वयस्क विधुर वकिलाच्या गळ्यात बांधलेली, आणि त्या बंधनास पती म्हणून मान देण्याचे साफ नाकारणारी नीरा शांता आपटे यांनी उभी केली आहे. काकासाहेबांची भूमिका केशवराव दाते यांची. चित्रपटास पार्श्वसंगीताची जोड नाही; घरात व रस्त्यावर स्वाभाविकपणे उठणारे आवाज तेवढे ऐकू येतात. आमच्या दिवाणखान्यातील घड्याळाची टिकटिक त्यांत अशी मिसळून गेली की, नातीने एकदा मागे वळून पाहिले.

शेवटी काकासाहेब नीरेस मोकळी करून स्वतः देह ठेवतात. आमच्या चिरंजीवांस हा शेवट फार उदात्त वाटला. नात मात्र म्हणाली, “म्हणजे लग्न त्यांनीच केलं आणि मोडलंही त्यांनीच. नीरेला कुणी विचारलं?” यावर बराच वेळ वाद झाला. मातुःश्री तोवर स्वस्थ होत्या. मग त्यांनी आपल्या एका मावशीची गोष्ट सांगितली. तिलाही अशाच बिजवरास दिले होते. तिचे बोलणे घरात कोणी कधी ऐकलेच नव्हते. “ही नीरा निदान तोंड तरी उघडते,” एवढेच त्या म्हणाल्या. साठ वर्षांहून अधिक काळ आम्ही त्यांचे पुत्र आहोत, पण या मावशीचे नाव त्या रात्रीपर्यंत आमच्या कानांवर आले नव्हते.

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४) सर्वांस आवडला. सर्वांचे एकमत झाले आणि दहा मिनिटांत अंथरुणे पडली. मतभेद नसला की बोलावयाचे काय?

सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ लागला त्या रात्री मात्र कोणी लवकर निजले नाही. निवृत्त संस्कृत पंडित डॉ. चक्रपाणी शास्त्री यांस स्मृतिभ्रंश झाला आहे. मुलगी इरा त्यांस मोटारीत बसवून कामासाठी दुकानात जाते. इतक्यात रस्त्याने हत्ती जातो, आणि शास्त्रीबुवा लहान मुलासारखे त्याच्या मागोमाग निघून जातात. माहुताची बायको चन्नम्मा त्यांस जेवू घालते, पोटच्या पोरासारखे सांभाळते, आणि हा विद्वान वृद्ध त्या निरक्षर बाईस ‘आई’ म्हणू लागतो. शास्त्रीबुवांचे काम डॉ. मोहन आगाशे यांनी केले आहे. चन्नम्मेच्या भूमिकेबद्दल अमृता सुभाष यांस, तसेच संवादांबद्दल सुमित्रा भावे यांस, २०१३ सालच्या चित्रपटांसाठी दिलेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत मान मिळाला. सुमित्राबाई २०२१ साली निवर्तल्या.

ज्याने जन्मभर संस्कृत शिकविले त्यास हा चित्रपट पाहताना शाकुंतल आठवल्यावाचून राहत नाही. तेथे दुष्यंताची स्मृती शापाने जाते आणि अंगठी दिसताच परत येते. येथे शापही नाही आणि अंगठीही नाही. ग्रंथ गळून जातात, नावे गळून जातात, लेकीचा चेहरासुद्धा परका होतो. मागे उरते ती केवळ भूक, भीती आणि आईची हाक. कालिदासाने विस्मरणास उपाय ठेवला, कारण त्यास राजाचा बोल पुसावयाचा होता. सुमित्राबाईंस तशी सोय करून घ्यावयाची नव्हती, आणि यातच त्यांचे धैर्य आहे असे आम्ही मानतो.

पडद्यावर शास्त्रीबुवांची शोधाशोध चालली असता मातुःश्रींनी विचारले, “याचं घर कुठं आहे ते कुणी याला सांगत का नाही?” थोड्या वेळाने हाच प्रश्न त्यांनी पुन्हा विचारला, आणि मग पुन्हा. प्रत्येक वेळी आमच्या सूनबाईंनी त्याच स्वरात उत्तर दिले. आम्ही पडद्याकडे पाहत राहिलो.

चित्रपट संपल्यावर चिरंजीवांनी आगाशे यांच्या अभिनयाची पुष्कळ स्तुती केली. जेथे बोलणे अवघड तेथे अभिनयाची स्तुती करावी, हा पुरुषांचा जुना मार्ग आहे. मग ते म्हणाले, “इरेपेक्षा ती चन्नम्मा श्रेष्ठ. शिक्षण नाही, पैसा नाही, पण माया केवढी!”

सूनबाई मातुःश्रींना निजवून नुकत्याच बाहेर आल्या होत्या. त्या म्हणाल्या, “चन्नम्मा घटकाभराची आई. तिला त्यांचं मागचं काही ठाऊक नाही, पुढचं काही करायचं नाही. इरेला उद्या आहे, परवा आहे, आणि बाहेरची नोकरीही आहे. चन्नम्मेला नमस्कार करा, पण इरेला नावं ठेवू नका.”

हे बोलणे इरेविषयी नव्हते, हे समजण्यास कोणत्याही टीकाग्रंथाची गरज नव्हती. वृत्तपत्रांतून या चित्रपटावर जे जे लिहून आले त्यांतील थोडेबहुत आम्ही वाचले आहे. परंतु चन्नम्मेच्या मायेस मुदत आहे आणि इरेच्या कर्तव्यास ती नाही, हा भेद इतक्या नेमकेपणाने मांडलेला आमच्या वाचनात नाही. ज्या बाईच्या रात्रीच्या झोपेत चार वेळा खंड पडतो, तिलाच तो दिसावयाचा.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी विषय पुन्हा निघाला, तो चिरंजीवांनीच काढला. बुधवारी दुपारी आणि रविवारी दिवसभर मातुःश्रींचे सारे आम्ही बापलेकांनी पाहावे, औषधांच्या वेळा भिंतीवर लिहून ठेवाव्यात, आणि सूनबाईंनी त्या वेळात काय केले हे कोणी विचारू नये, असे ठरले. आषाढापासून हा क्रम चालू आहे. मध्यंतरी दोन बुधवार चुकले, ते चिरंजीवांनी रजा घेऊन भरून दिले. मातुःश्रींच्या वेणीचा गुंता काढण्याचे काम आम्हांस अद्याप नीट साधलेले नाही, आणि त्या तसे स्पष्ट सांगतात.

पुढील शनिवारी कोणता चित्रपट लावावयाचा, हे ठरविण्याचा हक्क सूनबाईंस दिला आहे. त्यांनी विनोदी चित्रपट मागितला आहे.