पारावर आज कोण आलं नाही?

पाटसजवळच्या एका वस्तीवरचे आजोबा काही महिन्यांपूर्वी तपासणीला आले. वय सत्तरीच्या पुढे, रक्तदाब १९०/११०. गोळ्या सरकारी दवाखान्यातूनच मोफत मिळत होत्या. "आबा, गोळी रोज घेता ना?" असं विचारलं, तर म्हणाले, "आठवंल तशी घेतो, साहेब." जेवणाची चौकशी केली. सकाळची भाकरी, तीच संध्याकाळी, सोबत लोणचं नाहीतर खर्डा. "एकट्यासाठी दोनदा चूल कोण पेटवणार?" पत्नी वर्षभरापूर्वी गेली होती. मुलगा पुण्याकडे नोकरीला.

"संध्याकाळी देवळात हरिपाठाला जाता का?"

"बंद केलं. नीट ऐकू येत नाही. कुणी काय विचारलं की मी भलतंच उत्तर देतो आन् लोकं हसत्यात."

गोळी बदलण्याआधी मी त्यांचे कान पाहिले. दोन्ही कानांत मळ घट्ट बसला होता. वयामुळे ऐकणं कमी झालं होतंच, पण निम्मा त्रास या मळाचा होता. कागदावर आजार उच्च रक्तदाबाचा होता, पण त्याच्या मागे एकटेपणा होता आणि त्याच्याही मागे बंद झालेले कान.

एकटेपणाने शरीराचं काय बिघडतं?

माणूस दीर्घकाळ एकाकी राहिला की ताण वाढवणारी संप्रेरकं जास्त काळ चढलेली राहू शकतात. झोप तुटक होते, रक्तदाब वाढतो. शिवाय हालचाल कमी होते, जेवणात मीठ-लोणचं वाढतं, गोळ्या चुकतात. २०१० मध्ये १४८ अभ्यासांमधल्या तीन लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र तपासली गेली. ज्यांचे सामाजिक संबंध घट्ट होते, त्यांची त्या काळात जगण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे ५० टक्क्यांनी अधिक आढळली. २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने सांगितलं की जगात दर सहा माणसांपैकी एक एकाकीपणा अनुभवतो आणि वर्षाला आठ लाखांहून अधिक मृत्यूंशी त्याचा संबंध आहे.

एक फरक लक्षात घ्या. एकटं राहणं आणि एकाकी असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. भरल्या घरातही माणूस एकाकी असू शकतो.

जपानच्या लहान गावांत

जपान म्हटलं की आपल्याला बुलेट ट्रेन आठवते. पण तिथल्या लहान गावांचा दिनक्रम आपल्या ओळखीचा वाटेल. ओकिनावा बेटांवर 'मोआई' नावाचे गट असतात. ठरावीक दिवशी जमायचं, पैसे काढायचे, पाळीपाळीने एकाने उचलायचे. म्हणजे आपली भिशीच! पैशांइतकंच महत्त्व भेटण्याला असतं. अनेक गावांत 'काइरानबान' फिरतं, म्हणजे सूचनांची फाइल. एका घराने वाचून शिक्का मारायचा आणि शेजारी नेऊन द्यायची. फाइल एखाद्या घरात अडकली, की चौकशी होते. १९२८ पासून रेडिओवर व्यायामाचा कार्यक्रम लागतो. सकाळी साडेसहाला मैदानात म्हातारी माणसं आणि सुट्टीतली मुलं एकत्र हातपाय हलवतात.

मात्र हे सगळं असूनही जपान सुटलेला नाही. तरुण शहरात गेले, गावं म्हातारी झाली. २०२१ मध्ये तिथल्या सरकारला एकाकीपणासाठी स्वतंत्र मंत्री नेमावा लागला. २०२४ या एका वर्षात एकट्या राहणाऱ्या सुमारे ७६ हजार लोकांचा घरातच मृत्यू झाला; त्यांतले तीन चतुर्थांश ६५ वर्षांपुढचे होते. रीत नुसती असून भागत नाही, ती चालवणारी माणसं लागतात.

आपल्याकडे काय आहे?

पाटसला पुणे-सोलापूर महामार्ग आहे, रेल्वे आहे, साखर कारखाना आहे. आषाढी वारीत तुकाराम महाराजांची पालखी इथून रोटी घाटाकडे निघते, तेव्हा गाव अनोळखी वारकऱ्यालाही उपाशी जाऊ देत नाही. प्रश्न वर्षाच्या उरलेल्या दिवसांचा आहे. काकडआरती, हरिपाठ, सप्ताह, आठवडे बाजार, पारावरची बैठक यांतून म्हातारी माणसं रोज थोडी चालत, बोलत, हसत. आणि कुणी दिसलं नाही, तर दुसऱ्या दिवशी निरोप जाई.

या जुन्या रीतीत खोटही होती. पारावर बाया बसत नसत. पती गेलेल्या बाईला हळदीकुंकवाला बोलावणं बंद होई, म्हणजे आधाराची गरज सर्वांत जास्त असताना दार मिटे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ मध्ये विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला. मी त्याला आरोग्याचाही ठराव मानतो.

एवढं करता येईल

• गल्लीत एकटं राहणारं माणूस असेल, तर दिवसातून एकदा हाक मारा. दोन दिवस दिसलं नाही, तर दार वाजवा.

• आई-वडिलांशी फोनवर बोलताना 'जेवलात का?' यापुढे 'आज कुणाला भेटलात?' हेही विचारा.

• म्हातारं माणूस लोकांत जायचं टाळू लागलं, तर कान, डोळे, गुडघे आणि लघवीवरचा ताबा यांची तपासणी करून घ्या. लाजेपोटी माणसं हे सांगत नाहीत. दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांना राष्ट्रीय वयोश्री योजनेतून श्रवणयंत्र मिळू शकतं.

• दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी, झोप उडणं, जेवण नकोसं होणं, मरणाची भाषा असेल, तर ते नैराश्य असू शकतं. त्याला औषधोपचार आहे. टेलिमानस १४४१६ आणि ज्येष्ठांसाठी १४५६७ हे मोफत क्रमांक आहेत.

• गप्पांनी गोळी बंद होत नाही. दोन्ही चालू ठेवा.

कान साफ केल्यावर आणि औषध पुन्हा नीट सुरू झाल्यावर दीड महिन्याने आबा आले. रक्तदाब १४६/८६. मी विचारलं, "गोळी आठवते का आता?"

"हरिपाठाला निघताना घेतो. उशीर झाला की शेजारचा पोरगा हाक मारतो."