‘जऊळका’ लिहायला किती ताकद लागते?

मोबाइल उघडा आणि ‘जऊळका’ टाइप करा. वाशिम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातलं हे गाव. (नाशिककडचं मालेगाव वेगळं, हा खुलासा दर वेळी करावाच लागतो.) पडद्यावर चार अक्षरं उमटली. पण यंत्राच्या पोटात काय साठलं? 2332, 2314, 2355, 2325, 2366. बस्स, पाच आकडे! ज, ऊ, ळ, क आणि शेवटचा काना.

आकड्यांचं गाव झालं, गावाचे पुन्हा आकडे. यात विशेष ते काय, असं वाटेल. मग जरा 1981 मध्ये जाऊ.

त्या वर्षी आयबीएमचा पहिला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आला. त्याच्या मेंदूत, म्हणजे 8088 या चिपमध्ये, सुमारे 29,000 ट्रान्झिस्टर होते. सेकंदाला सत्तेचाळीस लाखांवर ठोके मोजणारं हे यंत्र ‘ज’ मात्र काढू शकत नव्हतं! कारण त्याची अक्षरं एका चिपमध्ये आधीच कोरून ठेवलेली. रबरी शिक्क्यांची पेटीच म्हणा ना: 256 शिक्के, सगळे ठरावीक मापाच्या चौकटीत बसणारे. पेटीत ए-बी-सी-डी होती, ळ नव्हता. आणि आपली लिपी तर चौकट मानतच नाही. मात्रा डोक्यावर चढते, उकार पायाशी लोंबतो, ‘क्ष’ दोन अक्षरांना गिळून तिसरंच रूप घेतो.

मग आपल्या लोकांनी काय केलं असेल? कॉम्प्युटरला दुसरा मेंदू लावला! कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेलं हे काम पुण्याच्या सी-डॅकनं पुढे नेलं आणि ‘जिस्ट कार्ड’ तयार झालं. डबा उघडून ते आतल्या खाचेत बसवायचं, की इंग्रजी पडद्यावर देवनागरी उमटायची. केवळ मराठी-हिंदी अक्षरं दाखवण्यासाठी एक वेगळं सर्किट. अक्षर दिसणं हेच त्या काळी एवढं जड काम होतं.

पुढे विंडोज आलं आणि डीटीपीच्या दुकानांमध्ये एक बेमालूम सोंग रुजलं. पडद्यावर ‘का’ दिसायचा. पण कृतिदेव फॉन्टमध्ये खाली इंग्रजी ‘डी’ आणि ‘के’ दडलेले असायचे. फॉन्टनं फक्त त्यांना मराठी कपडे चढवलेले. फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेली आणि तिथे तो फॉन्ट नसला, की लग्नपत्रिकेचा कचरा! ज्यांनी तो काळ पाहिला त्यांना आठवेल.

सोंग उतरलं ते युनिकोडमुळे, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक आकडा देणाऱ्या यादीमुळे. 1991 च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी अक्षरांना स्वतःचे आकडे मिळाले. गंमत बघा, खुद्द वाशिम जिल्हा 1998 चा. म्हणजे ‘ळ’चा आकडा जिल्ह्याहून जुना. विंडोज 2000 पासून ही देवनागरी घरच्या कॉम्प्युटरवर सरळ चालू लागली. तिच्यासोबत आलेला ‘मंगल’ हा फॉन्ट घडवला सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी.

खरी करामत इथून पुढे आहे. आकडे साठतात उच्चाराच्या क्रमानं, पण दिसायचं असतं लिपीच्या क्रमानं. ‘शि’ म्हणताना आधी श येतो, मग इकार. लिहिताना मात्र वेलांटी आधी! प्रोग्रॅमला दर वेळी अक्षरगट ओळखून वेलांटी उचलून पुढे आणावी लागते. ‘शेतकऱ्या’मधला तो चंद्रकोरीसारखा र तर मराठीचा खास नखरा. ‘आचार्य’मध्ये र डोक्यावर रफार होऊन बसतो, ‘शेतकऱ्या’त तो य च्या आधी आडवा होतो. यंत्रानं हे ओळखायचं कसं? त्याच्यासाठी नुक्त्याचा वेगळा ‘ऱ’ ठेवलाय: 2353. त्यापुढे हलन्त आणि य आला, की चंद्रकोर काढायची. हा नियम न पाळणाऱ्या पडद्यांवर ‘शेतकर्यांना’ असले अवतार आपण वर्षानुवर्षं वाचले आहेत.

हे सगळं तुम्ही मजकूर बोटानं सरकवता त्या क्षणांत, पानभर अक्षरांसाठी, होत राहतं. आजच्या महागड्या फोनच्या चिपवर हजार कोटींहून जास्त ट्रान्झिस्टर असतात. त्यांना जिस्ट कार्डाचं सारं काम म्हणजे चिल्लर!

खात्री करून घ्यायची आहे? देवनागरी कळफलकावर ‘वाशि’ टाइप करा आणि खोडायची कळ एकदाच दाबा. शेवटचं दिसणारं अक्षर श आहे, पण तो जागचा हलत नाही. त्याच्या आधी दिसणारी वेलांटी पुसली जाते.