जुनं दुखणं, जुने ओरखडे

फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

एप्रिलची खरडछाटणी उरकून पोरांकडे अमेरिकेला यायचा बेत करणाऱ्या तासगावकरांसाठी हे पत्र.

इथं भाड्यानं घर घेताना तपासणीचा एक कागद भरतात. गालिचा कुठं फाटलाय, ओट्याला कुठं टवका गेलाय. मुरलेला भाडेकरू त्यात एकही ओरखडा सोडत नाही. आज लिहिलेला दोष उद्या अनामतीतून कापता येत नाही. कॅलिफोर्नियात १ जुलै २०२५ पासूनच्या नव्या भाडेकरारांत मालकानं सुरुवातीलाच घराचे फोटो काढून ठेवायचे आहेत. घर सोडल्यावर २१ दिवसांत अनामतीचा हिशेब द्यायचा, आणि रोजच्या वापरानं झालेली झीज मालकानंच सोसायची. घर १९७८ पूर्वीचं असेल, तर रंगात शिसं असल्याची माहिती देशभर कुठंही लपवता येत नाही.

विम्याच्या कागदावर हाच माणूस म्हणतो, मला आधी काहीच नव्हतं! इथल्या रहिवाशांपुरता जुन्या दुखण्याचा प्रश्न ओबामांच्या २०१० च्या कायद्यानं जवळपास मिटवला. १ जानेवारी २०१४ पासून नव्या आरोग्य विम्यात साखर आहे किंवा कॅन्सर होऊन गेलाय म्हणून कंपनी नाकारू शकत नाही, हप्ताही वाढवू शकत नाही.

पाहुण्या आईवडिलांचा विमा मात्र या कायद्याबाहेर. बऱ्याच पॉलिसी आधीपासून अंगात असलेलं दुखणं जुनंच धरतात, मग त्याचं निदान झालेलं असो वा नसो. जुन्या दुखण्यानं अचानक उचल खाल्ली तर खर्च देऊ, असं कलम असतं. पण त्याला वयाची अट, आणि बहुधा २४ तासांत उपचार घ्यायचीही. हार्ट अ‍ॅटॅक त्यात बसू शकतो, साखरेनं हळूहळू चिघळलेला पाय बसत नाही. त्यापेक्षा आपल्या भारतातल्या आरोग्य विम्याचा २०२४ चा नियम मला सरळ वाटतो: पॉलिसीआधीच्या ३६ महिन्यांत डॉक्टरनं निदान किंवा उपचार केलेलंच जुनं, आणि त्यासाठी थांबायचं तेही जास्तीत जास्त ३६ महिने.

पाहुण्यांची पॉलिसी पोरगा ऑनलाइन घेतो. तपासणी बहुधा नसतेच. चौकशी होते बिल गेल्यावर. कंपनी जुनी कागदपत्रं मागते, आणि ती असतात मिरजेच्या दवाखान्याच्या पिशवीत, घरी कपाटावर. निघण्याआधी ती स्कॅन करून घ्या. पोराला जुन्या दुखण्याच्या व्याख्येचं पान वाचायला लावा. वर लाखो डॉलरचा आकडा दिसला, तरी जुन्या दुखण्याची मर्यादा बहुतेक वेळा खाली वेगळ्या ओळीत असते.