गेमिंग पीसीची जुळणी (भाग ४) : कोण कोणासाठी थांबतंय?

लॅमिंग्टन रोडवर ‘गेमिंगसाठी पीसी जुळवायचाय’ म्हटलं की दुकानदार आधी विचारतो, बजेट किती? प्रश्न रास्त आहे, पण तो दुसरा असायला हवा. मॉनिटर कोणता आणि खेळणार काय, हे ठरल्याशिवाय बजेटचे वाटे पाडता येत नाहीत.

खेळातली प्रत्येक फ्रेम दोघांच्या हातून जाते. शत्रू कुठे सरकला, गोळी कुणाला लागली हा हिशेब प्रोसेसर करतो आणि काय काय रंगवायचं ते ग्राफिक कार्डाला कळवतो. कार्ड पिक्सेल भरतं. एकाने पोळ्या लाटायच्या, दुसऱ्याने भाजायच्या, असा हा मामला. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर दर फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ हव्या असतील तर पुरते सातही नाहीत. एवढ्या वेळात ज्याचं काम उरकत नाही, त्याच्यासाठी दुसरा खोळंबतो.

रिझोल्यूशन वाढवलं की बोजा मुख्यतः कार्डावर पडतो. १०८०पीला सुमारे २०.७ लाख पिक्सेल, १४४०पीला ३६.९ लाख, फोर-केला ८३ लाख. प्रोसेसरचा हिशेब मात्र जवळपास तेवढाच राहतो. त्यामुळे ‘या कार्डाला हा प्रोसेसर पुरेल का?’ याला एकच एक उत्तर नाही. १०८०पीवर व्हॅलोरंट खेळताना बहुधा प्रोसेसर आधी दमतो, सायबरपंक २०७७ लावलात की कार्ड. घरी जुना पीसी असेल तर व्ही-सिंक बंद करून रिझोल्यूशन उतरवून पाहा. फ्रेम वाढल्या तर कार्ड अडवत होतं. हलल्याच नाहीत तर प्रोसेसर.

हात आखडता असेल तर १०८०पीसाठी मी रायझन ५ ५६०० किंवा आय५-१२४००एफच्या पुढे जाणार नाही. दोन्ही सहा कोअरचे. वाचलेले पैसे आरएक्स ६६०० किंवा आरटीएक्स ४०६०कडे वळवावेत. ‘आय सेव्हन आहे साहेब’ म्हणत सोबत किरकोळ कार्ड गळ्यात मारणं ही बाजारातली जुनी चाल आहे. स्वस्त कार्डातही मेख असते. आरएक्स ६५०० एक्सटी पीसीआय एक्स्प्रेसच्या चारच लेन वापरतं. जुन्या ३.० पिढीच्या मदरबोर्डवर त्या लेनचा वेग निम्मा होतो आणि कार्डाची ४ जीबी मेमरी भरली की खेळ अडखळू लागतो.

रॅम १६ जीबी, पण ८-८च्या दोन काड्या. एकच काडी लावली तर रॅमची बँडविड्थ अर्धी.

सगळ्यात जास्त हयगय होते ती एसएमपीएसची, कारण तो कॅबिनेटबरोबर ‘फ्री’ येतो. ४०६०साठी कंपनीने दिलेला आकडा ११५ वॅट, ५६००साठी ६५. म्हणजे ७५० वॅटची गरजच नाही, चांगल्या कंपनीचा ५५० ऐसपैस पुरतो. ‘८० प्लस’चा शिक्का वीज किती वाया जाते तेवढंच सांगतो; शॉर्ट सर्किट झाल्यावर एसएमपीएस वेळेत बंद पडेल की नाही, हे त्यातून कळत नाही. खोक्यावरच्या मोठ्या आकड्यापेक्षा अंगावरच्या लेबलावर १२ व्होल्टपुढे किती अँपिअर लिहिलेत ते वाचा आणि १२ने गुणा. प्रोसेसर आणि कार्ड त्याच लाइनवर जगतात. तिथे १८ लिहिलं असेल, तर ‘४५० वॅट’च्या त्या डब्याकडून तुमच्या कामाचे २१६च मिळणार.

पुढच्या आठवड्यात मदरबोर्ड.