आजीची अंगठी मोडताय? थांबा!
लग्नसराई आली की डोळखांबहून जुने दागिने शहापूरच्या सराफाकडे निघतात. त्यात आजीची लाल खड्याची अंगठी असेल, तर मोडण्याआधी नीट बघा. सोनं कमी कसाचं निघालं, तर आजोबा फसले असं लगेच समजू नका. जानेवारी १९६३मध्ये अर्थमंत्री मोरारजी देसाईंनी १४ कॅरेटपेक्षा जास्त कसाचे नवे दागिने घडवायला बंदी घातली. ती १९६६मध्ये उठली. खडाही भिंगाखाली तपासून घ्या. आत वक्र रेषा दिसल्या, तर माणिक कारखान्यातलं. ही पद्धत १९०२मध्ये फ्रान्समध्ये जाहीर झाली. मोडीत भाव फक्त सोन्याचा, घडणावळीचा नाही. एकदा वितळली की ती घडण परत मिळत नाही. मग काय, मोडायची की बोटात घालायची?