हिवाळ्यातील सायकल

वैशाखाच्या उन्हात, पंख्याखाली बसून हिवाळ्यातील व्यायामावर बोलावयाचे हे काहीसे विपरीत दिसेल. पण चैत्र-वैशाखात घाट चढताना जो दम लागतो, त्याचे मूळ पुष्कळदा मार्गशीर्ष-पौषात असते. हे आम्ही स्वतः भोगले आहे, म्हणूनच हा विषय घेतला.

आम्ही शर्यतीतले सायकलपटू नव्हेत. पन्नाशी उलटलेले, कामधंदा सांभाळून रविवारी पुण्याहून खडकवासल्यापर्यंत, कात्रजपर्यंत किंवा दिवे घाटापर्यंत जाऊन येणारे चारसहाजण, एवढीच आमची ओळख. एका वर्षी दिवाळीनंतर आमचे जाणे खंडित झाले. आधी पहाटेचा अंधार, मग थंडी, मग एकाच्या घरचे लग्न. प्रत्येक कारण अगदी रास्त होते. संक्रांतीनंतर कात्रजचा जुना घाट पुन्हा चढावयास घेतला, तेव्हा ज्या वळणावर पूर्वी आमच्या गप्पा चालत, त्याच वळणावर उतरून सायकल हातात धरावी लागली. छातीत अशी धडधड, की बराच वेळ कोणी बोलेना. हसण्यावारी न्यावे असे ते वय नव्हते.

अडीच महिन्यांत गेले तरी काय? मांड्या तर दिसावयास होत्या तशाच होत्या. व्यायाम सुटला की प्रथम घटतो तो रक्तातील द्रवांश, आणि तोही थोड्याच दिवसांत. त्यामुळे हृदयाच्या एका ठोक्यासरशी पुढे जाणारे रक्त कमी होते व तेच काम उरकण्यास ठोके वाढवावे लागतात. पुढे स्नायूंची प्राणवायू वापरण्याची शक्तीही ओसरू लागते. एडवर्ड कॉइल व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1984 साली प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतील प्रयोगात, कसलेल्या व्यायामपटूंनी व्यायाम थांबवल्यावर त्यांची प्राणवायू घेण्याची कमाल क्षमता पहिल्या तीन आठवड्यांत सुमारे 7 टक्क्यांनी व आठ आठवड्यांनंतर सुमारे 16 टक्क्यांनी उतरलेली आढळली. कसलेल्यांची ही गत, तर आमच्यासारख्या हौशी मंडळींनी काय बोलावे!

याच्या उलट बाजूचा प्रयोग आम्हांस अधिक दिलासा देणारा वाटला. रॉबर्ट हिक्सन यांनी 1981 साली दाखविले, की आठवड्यातून सहा दिवस, रोज 40 मिनिटे व्यायाम करून जी क्षमता कमावली, ती पुढे दोनच दिवस व्यायाम करूनही 15 आठवडे जवळजवळ टिकून राहिली. अट एकच: त्या दोन दिवसांतला जोर कमी करावयाचा नाही. नंतरच्या एका प्रयोगात दिवस तेवढेच ठेवून जोर दोन-तृतीयांशाने उतरविला, तेव्हा कमावलेले बरेचसे गेले. पंधरा आठवडे म्हणजे आपला अख्खा हिवाळाच की! सवड नसेल तर दिवस कमी करावेत. पण जे दोन दिवस निघू त्यांत एखादी चांगली चढण असावी. आम्ही नेमके उलट करीत होतो. रोज संध्याकाळी पायीपायी देवळापर्यंत जाऊन ‘व्यायाम चालू आहे’ अशी मनाची समजूत घालीत होतो.

आपल्या वाग्भटानेही ‘अष्टांगहृदया’त बलवान व स्निग्ध आहार घेणाऱ्या माणसाने थंडीत व वसंतात निम्म्या शक्तीइतका व्यायाम करावा आणि इतर ऋतूंत त्याहून कमी, असे सांगितले आहे. निम्मी शक्ती हा शब्द ऐकून आळशी माणूस खूश होतो; परंतु वर्षाच्या हिशेबात हिवाळा हाच अधिक व्यायामाचा काळ ठरतो, हे त्याच्या ध्यानात येत नाही. युरोपात रस्त्यावर बर्फ साचते म्हणून तिकडचा सायकलस्वार घरात रोलरवर सायकल चालवितो. आपल्या थंडीला ती सबब लागू नाही.

तरीही थंडी ही थंडीच. गार हवेत त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो आणि अशा वेळी एकदम जोर केल्यास हृदयावर ताण येतो. यास्तव पहिली पंधरा-वीस मिनिटे सपाटीवर, बोलता येईल इतक्याच वेगाने जावे. रक्तदाबाचा किंवा छातीत दुखण्याचा त्रास असलेल्याने आधी डॉक्टरांना विचारावे. येथे शौर्य नको.

खरा धोका मात्र उतारावर असतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. सायकल चालविताना शरीर जी शक्ती खर्च करते, तिच्यातला चौथा-पाचवा हिस्साच पायडलांना मिळतो. बाकीची उष्णता होते. चढावर वेग मंद, वारा थोडा आणि ही भट्टी पेटलेली, त्यामुळे अंगावरचा सदरा भिजतो. माथा गाठून परत फिरलो की पाय स्वस्थ, भट्टी विझलेली, सदरा ओला आणि समोरून ताशी 45 किलोमीटरचा वारा! हवा 10 अंशांची असली, तरी त्या वेगात उघड्या कातडीला ती सहा अंशांसारखी भासते. आमचे एक स्नेही जुन्या बोगद्यापासून असेच खाली येत असता ब्रेकवरची त्यांची बोटे आवळेनात. पुढे ट्रक, उजवीकडे दरड. त्यांनी सायकल डावीकडच्या खडीत घातली म्हणून गुडघा सोलण्यावर निभावले. ‘हात आहेत हेच कळेना,’ असे ते नंतर म्हणाले. तेव्हापासून हातमोजे व कोरडा सदरा बरोबर असल्याखेरीज आम्ही कोणाला घाटात येऊ देत नाही.

वेळेविषयीही आमचे मत बदलले. पहाटेची हवा शुद्ध, हे हिवाळ्यातील शहरापुरते तरी खरे नाही. रात्री जमिनीलगतची हवा गार होऊन खालीच बसते, वरच्या उबदार थराचे तिच्यावर झाकण पडते आणि शेकोट्यांचा, पेटविलेल्या पाल्याचा व वाहनांचा धूर तिच्यात कोंडून राहतो. उन्हे तापली म्हणजे हे झाकण उघडते. शिवाय जानेवारीत पुण्यास सूर्य उगवावयास सात वाजून जातात. रविवारी आम्ही आता आठनंतर निघतो. अंधारात निघणे भागच असेल तर मागे लाल दिवा हवा.

थंडीत तहान लागत नाही, पण घाम तर जातोच. म्हणून आठवणीने पाणी प्यावे. डिंकाच्या लाडवांबद्दल घरोघरी मतभेद आहेत. आमचा ढोबळ हिशेब असा, की मोठ्या एका लाडवास अर्धा तास सायकल. दोन खाल्ले तर कोणाला सांगू नये.

गुडघा सोललेल्या त्या स्नेह्यांनी पुढे जुनी युक्ती उचलली. डोंगरमाथ्यावर प्रेक्षकांकडून वर्तमानपत्र घेऊन ते छातीशी कोंबण्याची फ्रान्समधील शर्यतीच्या सायकलपटूंची रीत होती. कागद वारा अडवितो. आमचे हे गृहस्थ रविवारचा अंक घरूनच आणतात, बोगद्यापाशी थर्मासमधला चहा घेत तो सावकाश वाचून काढतात आणि मग सदऱ्याखाली सारतात. शब्दकोडे सुटेपर्यंत आम्हां सर्वांना थांबावे लागते.